कार्ड तुळशीचं, गाठ कोणाची?

१

रंजना पोस्टीण गिरणीच्या पायऱ्या चढली तेव्हा आत एक म्हातारी आणि गिरणीवाला एका पांढऱ्या पिशवीच्या दोन बाजूंना उभे होते. गंमत म्हणजे दोघांपैकी कोणालाच ती पिशवी नको होती.

"ही माझी नाय," म्हातारी म्हणाली.

"आजी, कार्ड तुझं, नाव तुझं, जन्मतारीख तुझी. मग पिशवी काय माझी?" मुकेशनं कपाळावरचं पीठ पुसलं.

खोडाळ्यात बाजाराचा दिवस होता आणि दुपारचा एक वाजला होता. दहा वाजता गेलेली लाईट अजून आली नव्हती, त्यामुळे गिरणी मुकी होती आणि मुकेशच एकटा आवाज करत होता. रंजना आली होती त्याचं पार्सल द्यायला. पार्सलावर शिक्का होता, 'ओळखपत्र पाहूनच द्यावे'. तिनं कार्ड मागितलं, तेव्हा मुकेशशेठ झेरॉक्स मशीनची काच घासायला लागला आणि कळलं, की त्याचं कार्ड त्याची बायको रेशनच्या दुकानात घेऊन गेलीय. रंजनानं पार्सल मुकाट्यानं झोळीत परत टाकलं. ज्या माणसानं दोन-अडीच महिने अख्ख्या बाजाराला कार्डं दाखवायला लावली, त्याच्याकडेच कार्ड नसावं, याचा तिला मनापासून आनंद झाला होता आणि तो तिनं लपवलाही नाही.

गिरणीच्या दारावर पाटी होती: 'ओळखपत्र दाखवल्याशिवाय दळण व सामान मिळणार नाही. हुकमावरून.' हुकूम मुकेशचाच होता. शिमग्याच्या बाजारात एकीचं तांदळाचं पीठ दुसरीनं नेलं होतं. दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या आणि सोडवायला गेलेल्या मुकेशला फुकटात एक थप्पड बसली. त्यानंतर त्यानं जुनं झेरॉक्स मशीन आणलं. पिशवी ठेवताना कार्ड द्यायचं, मुकेश पुढच्या बाजूची झेरॉक्स काढून कपड्यांच्या चिमट्यानं पिशवीला लावायचा. नेताना पुन्हा कार्ड दाखवायचं. जुळलं की पिशवी तुमची, आणि झेरॉक्स जायची बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात.

त्याआधी पाड्यांची रीत वेगळी होती. प्रत्येक घराची पिशवी बांधायची एक गाठ असते. कोणी तोंड दोनदा मुरडून शेंडी आत खोचतं, कोणी वाखाच्या दोरीचे तीन वेढे देतं. सासू ती सुनेला शिकवते. मुकेशचा बाप डोळे मिटून, नुसता हात फिरवून सांगायचा, की ही अमक्याची. बाप गेला आणि ती विद्याही त्याच्याबरोबर गेली.

ही म्हातारी होती सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरची तुळशी बुध्या वारघडे. सकाळी नऊला, अगदी पहिली येऊन तिनं आपली पिशवी ओट्यावर ठेवली होती. दळायला नाही, नुसती सांभाळायला. पिशवीत नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बियाणं होतं, तिच्या आजीच्या आजीपासून घरात चालत आलेलं. तांबूस कणसाचं, उशिरा पिकणारं, पाऊस ओढला तरी टिकणारं. आता उतारावरचं शेत तिला झेपत नव्हतं, म्हणून घरात होतं नव्हतं तेवढं सगळं बी ती लेकीकडे, वांगणीला घेऊन निघाली होती. चारच्या जीपनं जायचं, आणि पाऊस दाराशी आलेला.

"नागली ती नागली," मुकेश म्हणाला. "घेऊन जा की आजी."

रंजनानं पिशवीचं तोंड सोडलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर दाणे वर काढले. तुळशीला विचारलं, बियाण्यात काय घातलं होतंस. निरगुडीचा पाला, म्हातारी म्हणाली, किडा लागू नये म्हणून. रंजनानं मूठ मुकेशपुढे उघडली. पाल्याचा तुकडाही नव्हता. खाण्याची साधी नागली होती.

"म्हणजे आजीचं बियाणं दुसऱ्याच कोणाच्या घरी गेलंय," रंजना म्हणाली. "आणि तो माणूस ते खायची नागली समजतोय. आज लाईट नाही, म्हणजे घरी जात्यावर दळणार. संध्याकाळच्या भाकरीला."

तुळशी एकदम खाली बसली.

२

चोरीचं नाव निघालं की पहिला संशय कोणावर जातो, हे सांगायला पोलीस लागत नाहीत. मुकेशनं सरळ समोरच्या उंबराकडे बोट दाखवलं. उंबराखाली बारक्या बसला होता.

बारक्या बाजारातला हमाल. ना शेत, ना घरपट्टी. अर्धं वर्ष वीटभट्टीवर आणि अर्धं वर्ष लोकांच्या पिशव्या खांद्यावर. त्याचं कार्ड भट्टीवरच्या झोपडीबरोबर जळलं, आणि नवं काढायला गेला तर यंत्राला त्याच्या बोटांचे ठसे सापडेनात. विटा उचलून बोटं गुळगुळीत झालेली. सकाळी मजुरीची वरई दळायला घेऊन आला होता, मुकेशनं पाटी दाखवून परत पाठवला.

मुकेशचं म्हणणं असं, की राग धरून यानंच पिशवी बदलली. अकरा वाजता पांढरी पिशवी खांद्यावर घेऊन जीपकडे जाताना त्यानं स्वतः बघितलं होतं. "ज्याची ओळखच नाही, त्याचा भरवसा काय?" असंही तो म्हणाला.

रंजनाला ते टोचलं. बारक्याला ती पंधरा वर्षं ओळखत होती. पण पोस्टात तीस वर्षं काढलेल्या बाईला हेही माहीत होतं, की आपल्या ओळखीचा आहे म्हणून कोणी सुटत नसतो. ती उंबराखाली गेली आणि त्याच्या शेजारी मुळीवर बसली.

बारक्यानं काही लपवलं नाही. आज सहा पिशव्या नेल्या, म्हणाला, सहाही पांढऱ्या. खताच्या पिशव्या धुऊन सगळ्यांनीच वापरायला काढल्यात, रंगानं काय कळणार.

"त्यात तुळशी आजीची नव्हती कशावरून?"

"असती तर मना कळली असती," बारक्या म्हणाला, आणि पुढे बोलणार तेवढ्यात मुकेश ओट्यावरून ओरडला, की त्याला काय विचारताय, तो हो म्हणणार आहे का. बारक्यानं तोंड मिटलं. विडी काढली, पेटवली नाही, कानामागे खोचली.

रंजना त्याला पुन्हा विचारणारच होती. पण तुळशी काठी टेकत तिच्यामागे आली होती आणि तिच्या कानाशी लागून एवढंच म्हणाली, "पोस्टीणबाय, माझं बी मागणारा एक जण हाय. तीन खेपा आला होता. मी नाय म्हनलं. तो आज बाजारात हाय."

३

तो नितीन निघाला. जुनी बियाणी गोळा करून जपणाऱ्या एका संस्थेचा माणूस, शहरातला, पायात भारी बूट आणि बोलायला गोड. तुळशीच्या नागलीवर त्याचा जीव जडला होता. म्हातारी म्हणायची, बी काचेच्या बरणीत ठेवायचं नसतं, मातीत ठेवायचं असतं. तो म्हणायचा, दोन्हीकडे ठेवू. वाद तिथंच अडलेला.

त्याची जीप शाळेच्या भिंतीशी उभी होती. मागच्या सीटखाली, चादरीनं झाकलेली, पांढरी पिशवी.

रंजनानं काय आहे विचारलं, तर नितीन अडखळला. खाजगी आहे, म्हणाला. मुकेशला तेवढं पुरे होतं. चोराच्या मनात चांदणं, असं मोठ्यानं म्हणून त्यानं चादर ओढली. नितीन आडवा आला, पिशवी कलंडली आणि तिच्यातून काळीभोर करवंदं घरंगळत अर्ध्या रस्त्यावर गेली.

नितीनचा चेहरा करवंदांपेक्षा पिकला. झालं असं होतं, की संस्थेच्या साहेबांनी कडक ताकीद दिली होती, आदिवासी बायकांकडून रानमेवा स्वतःसाठी घ्यायचा नाही. आणि याच्या बायकोला डोहाळे लागले होते. त्यानं सकाळी पाच बायकांच्या पाट्या विकत उचलल्या होत्या. तुळशीनं ते ऐकलं आणि इतक्या काळजीतही ती हसली. पाला घालून ठेव, नाहीतर घरी जाईस्तोवर रस होईल, असं तिनं त्याला समजावलं.

करवंदं वेचायला सगळेच बसले. रंजना वेचता वेचता विचार करत होती. नितीनला बी हवं असतं तर त्यानं गुपचूप मूठभर काढून नेलं असतं. पिशवीच्या जागी दुसरी पिशवी कशाला ठेवेल? नागलीची अदलाबदल करून कोणाला काय मिळणार? ही चोरी नव्हतीच. ही चूक होती. पण चूक झाली तर आजीचं कार्ड दुसऱ्या पिशवीवर कसं आलं?

कार्डानं काही उत्तर दिलं नव्हतं. मग उरली गाठ. आणि गाठीचं नाव काढल्याबरोबर तिला बारक्याचं अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं. असती तर मना कळली असती. कशावरून कळली असती?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं स्वतःलाच म्हणत ती उंबराकडे धावली.

४

पिशवीचं तोंड रंजनानंच सोडलं होतं, पण वाखाची दोरी तशीच मुरडलेली होती, तिच्यावरचे वेढे मोडले नव्हते. ओट्यावर येऊन बारक्यानं ती बोटांत धरली. यंत्राला न सापडणारी ती गुळगुळीत बोटं दोरीवरून एकदा पुढे गेली आणि एकदा मागे आली.

पंधरा वर्षं त्यानं या बाजारातल्या पिशव्या मानेजवळ वाहिल्या होत्या. गाठ कानाशी घासते, म्हणाला, चालताना दुसरं बघायला काय असतं. सूर्यमाळची तुळशी शेंडी आत खोचते. वाघ्याच्या वाडीतली माघी चिंधी बांधते. ही दोरी मात्र उलटी गुंडाळलेली आहे, डाव्या हातानं. तीन वेढे आणि खाली फास.

"ही खडकपाड्याच्या बुध्याबाबाची. डावखुरा हाय तो. दुसरं कोनी अशी बांधत नाय."

मुकेशनं हे का आधी सांगितलं नाहीस म्हणून विचारलं. बारक्यानं त्याच्याकडे शांतपणे बघितलं.

"शेठ, तू मना कार्ड विचारलंस. गाठ कुठं विचारलीस?"

मुकेश पिशवीला लावलेल्या झेरॉक्सकडे बोट दाखवत राहिला. पिशवी बुध्याची असेल तर वर तुळशी बुध्या वारघडे हे नाव कसं? रंजना मात्र जागच्या जागी थबकली होती. खडकपाड्यावर ती दर आठवड्याला जात होती. बुधवारी जन्मला तो बुध्या, पाड्या-पाड्यावर बुध्ये आहेत आणि वारघड्यांना तर तोटाच नाही. खडकपाड्याच्या बुध्याच्या बायकोचं नावही तुळशीच होतं.

"होतं म्हणजे?" मुकेशनं विचारलं.

"तीन वर्षांपूर्वी वारली ती," रंजना म्हणाली. "तिच्या दिवसांचं पत्र मीच वाटलं होतं."

मेलेल्या बाईनं सकाळी गिरणीत येऊन दळण ठेवलं होतं.

५

मुकेश छातीवर हात ठेवून सांगायला लागला, की भूत वगैरे काही आलं नव्हतं. मग कोण आलं होतं, रंजनानं विचारलं. कार्डवालं कोणीतरी, तो म्हणाला. बाई की पुरुष? बाई. तरणी की म्हातारी? मुकेशनं खूप आठवलं आणि शेवटी कबूल केलं, की तो कार्डाकडे बघत होता.

रंजनानं बिस्किटांचा डबा मागवला आणि दाराशी पोतं अंथरून त्यावर ओतला. सकाळपासून परत गेलेल्या पिशव्यांच्या झेरॉक्स. सगळ्यांची तोंडं काळी ठिक्कर. जन्मतारीख जवळजवळ प्रत्येकाची एक जानेवारी. शिबिरात कार्डं काढणाऱ्यांनी विचारलं, जन्म कधीचा, लोक म्हणाले, नागली कापायच्या वेळचा. त्यांनी एक जानेवारी टाकली, वर्ष अंदाजानं. तेव्हापासून पाड्यांवर सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि कोणाचाच साजरा होत नाही.

"मुकेशशेठ, मघाशी मी कार्ड मागितलं तेव्हा तुम्ही मशीनची काच घासत होतात. का?"

डाग पडलाय, मुकेश म्हणाला. कोणाच्या तरी कार्डाला चिकट कुंकू होतं, ते काचेला लागलं. कार्ड पुसून घेतलं तरी काच काही साफ होईना, तेव्हापासूनच्या सगळ्या झेरॉक्सवर काळा ठिपका. बायका कार्ड करंड्यात ठेवतात की काय, कोण जाणे.

रंजनानं कागद दोन ढिगांत लावले, ठिपक्याचे आणि बिनठिपक्याचे. ठिपक्याचे पुष्कळ निघाले. बिनठिपक्याचे तीनच, म्हणजे अगदी सकाळचे. त्या तिनांतला एक तिनं उचलला. नाव, तुळशी बुध्या वारघडे. मग तिनं राहिलेल्या पिशवीवरची झेरॉक्स काढली. तेच नाव, तीच तारीख, आणि ठिपका मात्र ठसठशीत, बरोबर कपाळावर.

आता ती एकेक करून सांगायला लागली, आणि सांगताना तिला मजा येत होती, हे तिच्या चष्म्यातून दिसत होतं. आजी आली सगळ्यांत आधी, तेव्हा काच स्वच्छ होती. म्हणजे आजीची झेरॉक्स ती बिनठिपक्याची, आणि ती डब्यात आहे. डब्यात आहे, याचा अर्थ आजीची पिशवी कोणीतरी कार्ड जुळवून घेऊन गेलं. राहिलेली पिशवी दुसऱ्या तुळशीची. लाईट गेल्यावर लोकांनी न दळलेल्या पिशव्या परत मागितल्या, गर्दी झाली. दुसऱ्या तुळशीचं कार्ड पुढे आलं आणि मुकेशच्या हाताला पहिली तुळशी लागली. नाव जुळलं, तारीख जुळली, तोंड दोन्हीकडे काळं.

"नंबर वेगळा असतो ना," सगळ्यांच्या मागोमाग गिरणीत आलेला नितीन म्हणाला.

"बारा आकडे कोण वाचतो," मुकेश पुटपुटला. रंजनानं आजीच्या कमरेच्या पिशवीतलं कार्ड घेतलं आणि आकडे वाचले. बिनठिपक्याच्या कागदाशी एकूण एक जुळले. ठिपक्याच्या कागदाशी पहिला आकडाही जुळला नाही.

"पण मेलेलीचं कार्ड आणलं कोणी?"

रंजनानं ठिपक्याचा कागद उजेडाकडे धरला. दोन्ही वरच्या कोपऱ्यांत बारीक काळी भोकं होती. कार्डाला दोन भोकं कशाला पाडतात? दोरा ओवायला. फोटोच्या कपाळाला कुंकू कधी लावतात? माणूस गेल्यावर. पाड्यावर फोटो काढायला कोण बसलं होतं? आयुष्यात एकदाच कॅमेऱ्यापुढे बसायची वेळ आली, ती कार्डाच्या शिबिरात. बाई गेली तेव्हा घरात तिचं तोंड उरलं होतं ते त्या कार्डावर. बुध्यानं तेच भिंतीला टांगलं आणि हार घातला. ज्याला ते कार्ड म्हणजे बायको, तो ते गिरणीत आणणार नाही. ते आणील असं माणूस, ज्यानं तुळशीला जिवंतपणी कधी पाहिलंच नाही, आणि ज्याला घरची गाठही अजून माहीत नाही.

"नवी सून," तुळशी आजी म्हणाली.

"पंधरा दिवसांपूर्वी लग्न झालंय बुध्याबाबाच्या सुरजचं. सुनेचं नाव बाळी." रंजनानं झोळी खांद्याला मारली. "आणि नव्या सुनेला आज भाकरी चांगलीच करून दाखवायची असणार. चला."

६

नितीनची जीप होती म्हणून बरं. करवंदांच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून तोच गाडी काढतो म्हणाला. मुकेशनं लाईट नसलेल्या गिरणीला कुलूप लावलं आणि बुध्याची पिशवी घेऊन मागे बसला. बारक्या त्याच्या शेजारी, कारण गाठीचा साक्षीदार सोडून चालणार नव्हतं.

वाटेत नितीननं म्हटलं, हे कार्डाचं खूळच बंद केलं पाहिजे. रंजनाला ते सरसकट पटलं नाही. तिनं स्वतः एकदा एका माघीची नोकरीची चिठ्ठी दुसऱ्याच माघीला दिली होती, आणि ती माघी आनंदानं मुलाखतीला जाऊन आली होती. तेव्हा कार्ड बघितलं असतं तर बरं झालं असतं. कार्ड बघावं, ती म्हणाली, पण ते धरणाऱ्याकडेही एकदा बघावं. आणि पीठ दळायला कशाला बघावं, हे तिला मुकेशशेठनं समजावून सांगावं. मुकेश खिडकीबाहेर बघत होता.

डांबर संपलं तिथं जीप थांबली. पुढे दहा मिनिटांची चढण होती. तुळशी सगळ्यांच्या पुढे होती, वयाची आणि गुडघ्यांची लाज सोडून. मुकेशच्या खांद्यावर पिशवी, आणि बारक्या आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हातानं मागून चालत त्याला गाठ कानाशी कशी धरायची ते शिकवत होता.

पहिली झोपडी दिसली तशी तुळशी थांबली. तिनं हात वर केला. सगळे थांबले.

घरघर, घरघर. आतून जात्याचा आवाज येत होता.

७

रंजना दारातून वाकून आत शिरली. जात्याशी एक सतरा-अठरा वर्षांची पोर बसली होती, हातातल्या चुड्याला पीठ लागलेलं. अनोळखी माणसं बघून तिचा हात थांबला. रंजनानं आधी पीठ बघितलं. नागलीचं पीठ तांबूस असतं. हे पांढरं होतं.

"तांदूळ," बाळी घाबरून म्हणाली. "शेजारून उसने आणले."

कोपऱ्यात पांढरी पिशवी उभी होती, तोंड बांधलेलं, पण घाईत, कशीतरी. बाळीनं नागली म्हणून ती सोडली होती आणि वरच निरगुडीचा पाला हाताला लागला होता. तिची आई, वावर गावाजवळच्या पाड्यावर, बियाण्यात तोच पाला घालायची. बी जात्यात घालत नाहीत, एवढं पोरीला कळत होतं. कोणाची तरी पेरणी आपल्या घरी आलीय, हेही कळलं. परत द्यायला निघाली होती, दारापर्यंत गेली होती. पण मग आठवलं, की आपण दाखवलं कार्ड आपलं नव्हतं. तिचं स्वतःचं कार्ड नाव बदलायला नवरा जव्हारला घेऊन गेला होता. सासऱ्याचंही त्यानंच नेलं होतं, बोटांचे ठसे पुन्हा उठवायला. भिंतीवर एकच उरलं होतं. मेलेल्या माणसाचं कार्ड दाखवलं तर जेल होते, असं पाण्यावरच्या बायकांनी तिला सांगितलं होतं. दुपारपासून पोर रडत तांदूळ दळत होती.

तुळशीनं पिशवी सोडली, हात आत घातला आणि पाल्यासकट मूठ नाकाशी धरली. मग तिनं बाळीचं डोकं छातीशी घेतलं. "माझी पेरनी वाचवलीस गं पोरी," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही.

तेवढ्यात बुध्याबाबा बांधावरून आला. दारात एवढी माणसं बघून त्यानं कुदळ बाहेर ठेवली. रंजनानं त्याला सगळं सांगितलं. बाळी खाली मान घालून भिंतीशी उभी होती. तिथं कार्ड पुन्हा टांगलेलं होतं, हार नीट घातलेला, पण कपाळ पुसलेलं, कोरं. बुध्यानं त्याच्याकडे बघितलं. तो सुनेवर रागावला नाही. तो मुकेशकडे वळला.

"शेठ, तू माझ्या तुळशीला हातात धरलंस, तवा वळखलंस का?"

मुकेशच्या खांद्यावर अजून पिशवी होती. ती त्यानं हळूच खाली ठेवली आणि भिंतीजवळ गेला. दिवसभरात पहिल्यांदाच त्यानं कुठल्यातरी कार्डावरचं तोंड बघितलं.

"ही करवंदवाली काकू," तो म्हणाला. "मी बापाच्या गिरणीत बसायचो, तेव्हा पळसाच्या द्रोणात करवंदं आणायची माझ्यासाठी. दर बाजाराला." त्यानं कोऱ्या कपाळाकडे बोट दाखवलं. "मी काकूचं कुंकू पुसलं. काच खराब होते म्हणून."

बुध्यानं मान हलवली. आतून करंडा आणला आणि मुकेशच्या हातात दिला. मुकेशनं पिठाच्या बोटानं कार्डावर कुंकू लावलं, जरा वाकडं लागलं, पण लागलं.

सूर्यमाळची तुळशी खडकपाड्याच्या तुळशीपुढे काठी टेकून उभी राहिली. दोघींचा वाढदिवस एकच, एक जानेवारी. मग तिनं पिशवीतून ओंजळभर बी काढलं आणि बाळीच्या पदरात टाकलं. माझ्या नावाच्या घरात माझं बी नसावं हे बरं दिसत नाही, असं ती म्हणाली. नितीननं कधी नव्हे ते काही मागितलं नाही, म्हणून तिनं त्यालाही एक मूठ दिली. बरणीत अर्धी आणि मातीत अर्धी, या अटीवर. चारची जीप चुकलीच होती, तेव्हा तिला वांगणीला नितीननंच पोचवलं.

पुढच्या बाजाराला रंजना गिरणीत गेली तेव्हा लाईट होती आणि गिरणी गर्जत होती. दारावरची पाटी उलटी करून तिच्यावर नवी अक्षरं काढली होती: 'गाठ आपली आपण बांधावी.' ओट्यावर पिशव्यांच्या मधोमध बारक्या बसला होता. कोणाची पिशवी कोणाला द्यायची, ते तोच सांगत होता, आणि त्याची वरई सगळ्यांत आधी दळली गेली होती.

रंजनानं पार्सल काढून मुकेशपुढे ठेवलं. मुकेशनं घाईघाईनं खिसा चाचपला. कार्ड आज आणलंय, म्हणाला.

"नियम आहे म्हणून नंबर लिहून घेते," रंजना म्हणाली. "पण आधी तोंड वर करा, बघू द्या."

त्यानं तोंड वर केलं. तिनं नीट बघितलं आणि पार्सल दिलं. मुकेशनं ते फोडलं आणि लगेच लपवायला गेला, पण बारक्यानं बघितलंच. आत त्यानं महिन्यापूर्वी मागवलेला रबरी शिक्का होता, 'ओळख पटली'.

बारक्यानं शिक्का हातात घेऊन उलटसुलट केला. काय लिहिलंय, त्यानं विचारलं. मुकेशनं वाचून दाखवलं.

"माझ्यावर मारशील का, शेठ?"

मुकेशनं शिक्का शाईत बुडवला आणि बारक्याच्या गुळगुळीत तळहातावर दाबला. ठसा अगदी स्वच्छ उठला.